सबस्क्रिप्शन भरलं, तरी जाहिरात का दिसते?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे सहज आलं, ते बरंचसं तसंच ठेवलंय.)



आजचा विषय आमच्या सोफ्यावर सापडला. गेल्या आठवड्यात रात्रीची जेवणं आटपून मी आणि आई शेजारी शेजारी बसलो होतो. दोघी एकाच अ‍ॅपवर, एकाच मराठी मालिकेचा एकच भाग बघत होतो. ती तिच्या फोनवर, मी माझ्या. दोघींचे प्लॅन वेगळे, पण दोन्ही स्वस्तातले, जाहिरातवाले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि दोन्ही फोनवर जाहिरात लागली. आईला पैठणीच्या दुकानाची. मला म्युच्युअल फंडाची.

आईने माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "तुला पैठणी का नाही दाखवली गं?" मग दोन सेकंद थांबून, "आणि पैसे भरलेत ना आपण? मग जाहिरात कशाला?"

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आणि गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच निघतं. मी काही वर्षं मुंबईत जाहिरातींच्या जागा विकत घेण्याचं काम केलंय, त्यामुळे पडद्यामागची बाजू थोडी ठाऊक आहे. तीच आज सांगते.

आधी थोडा इतिहास

व्हिडिओ विकायचे मुळात दोन मार्ग. पहिला, प्रेक्षकाकडून पैसे घ्यायचे आणि जाहिरात दाखवायची नाही. दुसरा, प्रेक्षकाला फुकट दाखवायचं आणि पैसे जाहिरातदाराकडून घ्यायचे. आपण ज्यावरून भांडतो तो तिसरा, मधला मार्ग आहे: थोडे तुमच्याकडून, थोडे जाहिरातदाराकडून.

तसा हा मधला मार्ग नवा नाही. केबलचं बिल भरूनही आपण जाहिराती बघतच होतो. वर्तमानपत्र विकत घेतलं तरी अर्धं पान जाहिरातच असते. नवं होतं ते नेटफ्लिक्सचं वागणं. २००७ साली अमेरिकेत त्यांनी स्ट्रीमिंग सुरू केलं आणि पुढची पंधरा वर्षं "आमच्याकडे जाहिरात नाही" ही त्यांची ओळखच होती. त्यांचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज जाहिरातींच्या विरोधात होते. मग २०२२ उजाडलं. पहिल्या तीन महिन्यांत ग्राहक वाढायच्या ऐवजी दोन लाखांनी घटले, दहा वर्षांहून जास्त काळात पहिल्यांदाच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेसह बारा देशांत जाहिरातवाला स्वस्त प्लॅन आला. त्या बारांत भारत नव्हता. अमेरिकेत त्याची किंमत महिन्याला ६.९९ डॉलर, आणि जाहिरात नसलेला स्टँडर्ड प्लॅन तेव्हा १५.४९ डॉलरला. म्हणजे निम्म्याहून कमी.

आपल्याकडे गोष्ट उलट्या दिशेने आली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे भारतातले डिजिटल हक्क व्हायकॉम१८ ने २३,७५८ कोटींना घेतले, आणि २०२३ मध्ये जिओसिनेमावर सगळे सामने चक्क फुकट दाखवले. त्याच वर्षी डिस्ने प्लस हॉटस्टारने वर्ल्ड कप मोबाईलवर फुकट ठेवला. १९ नोव्हेंबरची ती फायनल आठवते? आठवायची नसेल तरी आठवतेच. त्या वेळी एकाच क्षणी ५.९ कोटी लोक तिथे होते.

मग हे दोघे एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. सुरुवातीचा दर बघा: मोबाईलचा जाहिरातवाला प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये, प्रीमियम तीन महिन्यांना ४९९. आणि प्रीमियममध्येही लाइव्ह सामन्यातली जाहिरात सुटत नाही, बरं का. जून २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओनेही भारतात जाहिराती आणल्या. नको असतील तर तेव्हा वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरायचे होते.

म्हणजे एक फुकटातून पैशाकडे आला, दुसरा पैशातून जाहिरातीकडे गेला. भेटले मधल्या रस्त्यावर.

आता कागद-पेन घ्या

आपण एक छोटा हिशेब करू. यातले बघण्याचे आणि जाहिरातीचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा तुम्ही रोज एक तास बघता. तासाला आठ जाहिराती लागतात. महिन्याला झाल्या २४०. जाहिरातीचा भाव ठरतो तो हजारावर, म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसली की इतके रुपये. या धंद्यात त्याला सीपीएम म्हणतात. धरूया २०० रुपये. मग २४० जाहिरातींचे झाले ४८ रुपये.

आता तीन महिन्यांना १४९ म्हणजे महिन्याला साधारण ५० रुपये तुम्ही भरता. तुमच्या खिशातून ५०, तुमच्या डोळ्यांतून ४८. जवळपास सारखेच!

खऱ्या आयुष्यात सगळ्या जागा विकल्या जात नाहीत, मधले दलाल वाटा घेतात, क्रिकेटचा भाव वेगळा आणि मालिकेचा वेगळा. तरी अंदाज फार चुकत नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण प्राइमचा तो ६९९ चा आकडा. त्याला बाराने भागा: महिन्याला ५८ रुपये. एका कंपनीने स्वतःच तुम्हाला जाहिरात न दाखवण्याची किंमत सांगून टाकलीय.

तर आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: तू भरलेत ते अर्धेच पैसे, आई. उरलेले अर्धे तू रोज एक एक जाहिरात बघून फेडतेस.

पैठणी तिलाच का?

आता पहिला प्रश्न. त्यासाठी फोनमध्ये काय चालतं ते बघू.

तुम्ही प्ले दाबता तेव्हा अख्खा भाग येत नाही. त्याचे आधीच काही काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत: अंधुक, बरा, चांगला, एकदम स्वच्छ. तुमच्या जवळच्या सर्व्हरवरून अ‍ॅप एकेक तुकडा मागवतं. नेट चांगलं असेल तर स्वच्छ तुकडा, लोकल बोगद्यात शिरली की अंधुक. म्हणून चित्र मध्येच धूसर होतं आणि परत नीट होतं.

या तुकड्यांच्या रांगेत काही ठिकाणी खुणा केलेल्या असतात: "इथे जाहिरात." मालिकेत प्रसंग संपल्यावर, क्रिकेटमध्ये ओव्हर संपल्यावर. तुम्ही त्या खुणेजवळ पोहोचलात की अ‍ॅप जाहिरातीच्या सर्व्हरला विचारतं, कोणती लावू? विचारताना तुमची माहिती बरोबर जाते. फोन कोणता, शहर साधारण कोणतं, काय बघताय, कोणत्या भाषेत, कोणता प्लॅन, आणि प्रोफाइलमध्ये वय वगैरे दिलं असेल तर तेही. डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय होतो आणि निवडलेल्या जाहिरातीचे तुकडे मालिकेच्या तुकड्यांच्या मध्ये येऊन बसतात. बऱ्याचदा शिवण इतकी बारीक की जोड कळत नाही.

टीव्हीवर हे होत नव्हतं. तिथे सासूबाई दारात आल्या की सांगलीपासून गोंदियापर्यंत सगळ्यांना साधारण तीच जाहिरात. इथे सोफा एक आणि जाहिराती दोन.

जाहिरातदाराला याचं इतकं आकर्षण का, ते आता कळेल. टीव्ही किती लोक बघतात हे ठरतं नमुन्यावर. बार्कची मीटर देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत आहेत, आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जातो. स्ट्रीमिंगमध्ये अंदाज नाही, प्रत्येक फोनची नोंद आहे. जाहिरात सुरू झाली, पाव संपली, अर्धी, पाऊण, पूर्ण, दर टप्प्याला अ‍ॅप खूण पाठवतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जो माणूस पैसे भरून टीव्हीपासून दूर गेला, तो खर्च करू शकणारा माणूस आहे. फोन चांगला, हप्ते चालू, बाहेरून जेवण मागवणारा. जाहिरातदाराला नेमका हाच हवा होता, आणि हाच हातातून निसटला होता. मधल्या प्लॅनने तो परत मिळवून दिला. शिवाय त्याने पैसे भरलेत म्हणजे नंबर खरा, पैसे दिल्याची नोंद खरी. फुकट्या प्रेक्षकाची एवढी ओळख पटत नाही. म्हणून म्हणते, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: सबस्क्रिप्शनने जाहिरात संपत नाही, उलट तुमची ओळख पक्की करून ती जाहिरात महाग विकता येते.

मामेभावाचा मसाला

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या कंपन्यांचं झालं. नाही. माझा मामेभाऊ सांगलीजवळ कांदा-लसूण मसाला करून विकतो. मामीची रेसिपी, चार बायका कामाला, सांगली-कोल्हापूर-सातारा एवढ्यातच डिलिव्हरी. एप्रिलमध्ये मसाल्याचा हंगाम असतो, तेव्हा एक एजंट त्याला भेटला. "टीव्हीवर जाहिरात करायची तर लाखो रुपये लागतात. आमच्याकडे वीस हजारांत एक लाख!" याने वीस हजार दिले. एवढ्यात त्याची सुकी मिरची आली असती.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. एक लाख इम्प्रेशन. ९५ टक्के वेळा पूर्ण पाहिली. नवीन ऑर्डर किती? ३१. त्याचा मला फोन. "ताई, लाख लोकांनी बघितलं आणि एकतीस जणांनी घेतलं? मसाल्यात काही कमी आहे का गं?"

मला खरंच वाईट वाटलं. मसाला उत्तम आहे. मी म्हटलं, एजंटला फक्त एक आकडा विचार: वेगवेगळे फोन किती? उत्तर आलं, नऊ हजार. म्हणजे एकेका फोनवर तीच जाहिरात सरासरी अकरा वेळा. लाख "वेळा" आणि लाख "लोक" यात एवढा फरक असतो. एकाच माणसाला अकरा वेळा मसाला दाखवला की त्याला भूक लागत नाही, राग येतो. वर, भाग निवडला होता "महाराष्ट्र". नागपूरच्या माणसाला हा मसाला पोचवणारच कसा?

आणि ते ९५ टक्के? त्याला भुलू नका. ती जाहिरात पुढे ढकलता येतच नाही, मग पूर्ण चालणारच. आमची आई जाहिरात लागली की उठून कुकर लावून येते. फोन सोफ्यावर, जाहिरात पूर्ण, नोंद झाली "पाहिली". मोजणी मशीनची अचूक असते, पण मशीन मोजतं ते चाललेली जाहिरात. बघणारी नजर ते मोजत नाही.

मग आम्ही परत केलं, निम्म्या पैशांत. दहा हजार. फक्त तीन जिल्हे, आणि एका फोनवर चारपेक्षा जास्त वेळा नाही. अशी मर्यादा घालता येते, पण मागितली तरच मिळते. भाग छोटा म्हणून दर जास्त लागला, हजारामागे २५०. चाळीस हजार वेळा दिसली, पण अकरा हजार फोनवर, आणि तेही सगळे त्याच्या भागातले. ऑर्डर आल्या ५२. कुणी मर्सिडीज घेतली नाही. पण पैसे कुठे गेले हे त्याला कळलं, आणि मसाल्याबद्दलची शंका गेली. तुमच्यापैकी कुणाचा घरगुती धंदा असेल, तर हे तीन प्रश्न लिहून ठेवा. वेगळे फोन किती? कोणत्या भागात? एका फोनवर जास्तीत जास्त किती वेळा?

यात मराठीचं काय?

हा भाग करायचं खरं कारण हे.

नुसत्या सबस्क्रिप्शनवर चालणारी कंपनी प्रत्येक कार्यक्रमाबद्दल एकच विचार करते. यामुळे किती नवे लोक पैसे भरतील, आणि किती जुने टिकतील? इथे मराठी माणूस मार खातो. कारण आपल्याला हिंदी कळतं. आपण हिंदी-इंग्रजीसाठी पैसे भरून बसलेलोच असतो. मग आपल्यासाठी मराठीत वेगळा खर्च कशाला? "मराठीत चांगल्या सिरीज का येत नाहीत" या रडगाण्यामागे हा एक थंड हिशेब आहे.

जाहिरात आली की हिशेब बदलू शकतो. मराठीत बघितलेला प्रत्येक तास म्हणजे विकता येईल अशा आठ जागा. २०२३ च्या त्या फुकट आयपीएलमध्ये मराठी कॉमेंट्री होती, आठवतं? आपला केदार जाधव तिथे बोलायला होता, आणि हंगामाच्या मध्यात बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायलाच बोलावून घेतलं! आता विचार करा, मराठी कॉमेंट्री लावणारा माणूस काहीही न बोलता जाहिरातदाराला किती सांगून जातो. भाषा, घर, बहुतेक वेळा प्रदेशसुद्धा. माझ्या मामेभावासारख्यांना हाच माणूस हवाय.

पण हे आपोआप होत नाही. जाहिरातदाराने म्हटलं, "यांना हिंदी जाहिरात चालते की," तर मराठीच्या तासाला भाव कमी येणार, आणि भाव कमी म्हणजे मराठी सिरीजचं बजेट कमी. आज मराठी मालिकेत लागणाऱ्या कितीतरी जाहिराती हिंदीतून उचललेल्या असतात. "त्वचेला द्या नैसर्गिक निखार" असलं मराठी तुमच्या घरात कोण बोलतं? म्हणून मराठीत काही बघायचं असेल तर मराठी ऑडिओ लावूनच बघा. अ‍ॅपची भाषा मराठी मिळत असेल तर ती निवडा. मराठी आवाज असताना हिंदीवर टाकून ठेवलेला प्रत्येक सामना हिंदीच्या खात्यात जमा होतो.

तर करायचं काय?

एक. वरचा प्लॅन घेण्याआधी स्वतःचे तास मोजा. महिन्यातून दोन सिनेमे बघणाऱ्याने जाहिराती काढायला वेगळे पैसे भरणं म्हणजे तोटा. रोज दोन तास बघत असाल तर महिन्याच्या ४८० जाहिराती चुकवायला साठेक रुपये वाईट नाहीत. मात्र वरच्या प्लॅनमध्ये मोठा टीव्ही, जास्त डिव्हाइस असंही काही धरलेलं असतं, ते तुम्हाला लागतं का ते बघा. आणि लाइव्ह क्रिकेटच बघणार असाल तर अटी आधी वाचा.

दोन. घरात लहान मूल असेल तर त्याचं किड्स प्रोफाइल वेगळं करा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. पण तुमच्याच प्रोफाइलवर कार्टून बघणारं पोर मशीनला चौतीस वर्षांचा नोकरदारच वाटणार. कायदा त्याला शोधणार कसा?

तीन. आपली फार माहिती जाऊ नये असं वाटत असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसीखाली, अ‍ॅड्समध्ये जाऊन जाहिरातीचा आयडी काढून टाकता येतो. आयफोनवर अ‍ॅपला ट्रॅकिंगची परवानगी नाकारता येते. याने जाहिराती कमी होणार नाहीत, हे आधीच सांगते. फक्त त्या तुम्हाला कमी ओळखतील.

मी हे सगळं आईला समजावलं. ५० आणि ४८ चा हिशेबसुद्धा करून दाखवला. म्हटलं, थोडे जास्त भरून बिनजाहिरातीचा प्लॅन घेऊन देऊ का? ती म्हणाली, "नको बाई. मग मी कुकर कधी लावू?"

तिचा व्यवहार तिच्यापुरता अगदी चोख आहे. तुमचा काय आहे ते तुम्ही ठरवा, आणि मला नक्की कळवा. तुमच्याकडे कुणी छोट्या धंद्यासाठी अशी जाहिरात केली असेल तर त्याचा अनुभवही सांगा, तो मामेभावाला ऐकवायचाय. पुढच्या भागात भेटू. तोवर मराठी ऐकत राहा, मराठी बघत राहा!